पुलापासून घरापर्यंत

जमीन मोजण्यात छत्तीस वर्षं गेलेला माणूस निवृत्त झाला म्हणून मोजायचा थांबत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसं मोजणीदारांचं झालं होतं. पाववाल्याच्या दुकानापर्यंतची पावलं, दवाखान्याच्या फरश्या, सगळं ओठांतल्या ओठांत चालू असे. बायको त्यांना चारचौघांत 'आमची फूटपट्टी' म्हणायची. गेल्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली, तेव्हा त्या चेष्टेसाठी त्यांचा जीव तीळ तीळ तुटला.

पण ती उठली. हवेतला बोचरा गारवा गेला तशी आधी पलंगावर बसली, मग भिंत धरून खिडकीपर्यंत आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता रोज चालवा. नदीकाठानं लाकडी पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. मात्र हृदय अजून कच्चं आहे. जास्त दमल्या, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

नदी म्हणजे नावालाच नदी, म्हशीच्या पाठीएवढ्या दगडांना वळसे घालत जाणारी. काठावर लव्हाळी, ओल्या मातीचा वास, गवतात पिवळी फुलं आणि वाटेत एक आडवा पडलेला ओंडका. घराच्या फाटकापासून पूल सहाशे बारा पावलांवर.

पहिल्या दिवशी ती पुलावर पोचली आणि कठड्याला टेकून हसली. परतताना तिनं त्यांच्या खांद्यावर भार टाकला. फाटक आलं तेव्हा मोजणीदारांचा आकडा पाचशे चाळीस होता. बोलण्याच्या नादात चुकलं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. छत्तीस वर्षांत त्यांचं एकदाही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जाताना सहाशे बारा, येताना चारशे सत्तर.

आठवडाभरानं पुलावरच तिला खोकल्याची उबळ आली. ओठ निळसर पडले. मोजणीदारांनी तिला जवळजवळ उचललंच. सहाशे पावलं होईपर्यंत ही जगत नाही, एवढंच डोक्यात होतं. नव्वदाव्या पावलाला हाताला फाटक लागलं. ओंडका वाटेत आलाच नाही.

"आलो पण?" पायरीवर बसत तिनं विचारलं.

"आलो," मोजणीदार म्हणाले. तिचा श्वास थाऱ्यावर आला, रंग परतला. मग ते फाटकाशी गेले आणि नदीकडे तोंड करून त्यांनी हात जोडले. डोळे भरून वाहत होते. कुणाचे आभार मानायचे हे त्यांना कळत नव्हतं, पण मानल्याशिवाय राहवत नव्हतं.

त्यानंतर ती जितकी दमायची तितकी परतीची वाट आखूड व्हायची, आणि ती जशी सुधारत गेली तशी वाट पुन्हा लांबत गेली. महिनाभरानं जाता-येता दोन्हीकडे सहाशे बारा भरले. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि म्हणाल्या, "आता मला विसरा." त्या दिवशी नवराबायको काही कारण नसताना हसत होते.

तिथेच थांबले असते तर ते मोजणीदार कसले? त्यांच्या खात्यात एक शिरस्ता होता: जातानाचं आणि येतानाचं माप जुळलं नाही, तर ज्यानं मोजलं त्यानं एकट्यानं जाऊन पुन्हा मोजायचं. रोजची तूट त्यांनी वहीत टिपली होती. बेरीज आली चार हजार एकशे सदतीस पावलं.

"मिळालं ते घ्यावं आणि गप्प बसावं," बायको म्हणाली. "काट्याचा नायटा कशाला करताय?"

"माप जुळत नाही गं. मनाला लागून राहतं."

"फूटपट्टी ती फूटपट्टीच. जा, पण लवकर या. चहा टाकते."

पुलापर्यंत सहाशे बारा. ते वळले. ऊन कोवळं होतं, पाण्यावर बदकाची पिल्लं होती. ओंडका आला.

सहाशे बाराव्या पावलाला ओंडका पुन्हा आला. फाटक समोर दिसत होतं, दगड मारला तर लागेल एवढ्यावर.

त्यांनी पुन्हा एकपासून मोजायला घेतलं. हजार. दोन हजार. ऊन तेवढंच कोवळं. पिल्लं तिथेच.

मोजणीदार घाबरले नाहीत. उलट त्यांना बरं वाटलं. ही तिची पावलं, ती आपल्याला चालायला मिळाली, यात तक्रार कसली? शिवाय आकडा ठाऊक होता.

चार हजार एकशे सदतीस.

फाटकाऐवजी पुन्हा ओंडका आला.

तेवढ्यात बायको पायऱ्या उतरून अंगणात आली, दोन्ही हातांत एकेक कप घेऊन. त्यांनी हाक मारली. तिनं वाटेवर नजर टाकली, थेट ते होते तिथे, आणि नजर पुढे पाण्यावर गेली.

मग ती उजव्या हातातल्या कपाकडे बघत राहिली. हा कुणासाठी आणला, ते आठवत नसल्यासारखी. तो चहा तिनं गुलाबाच्या कुंडीत ओतला.

दुसरा कप तिनं तिथेच उभ्यानं, सावकाश संपवला. गाल गुलाबी झाले होते. वळली आणि तीन पायऱ्या झपझप चढून आत गेली. तिला धापसुद्धा लागली नाही.

मोजणीदारांचा ऊर भरून आला. त्यांनी पुन्हा हात जोडले.

"चार हजार एकशे अडतीस," ते म्हणाले, आणि पाऊल टाकलं.