टिलीला कोण भरवतंय?

मी बाई सरळ डोक्याची. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की जांभया देणारी. पण हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय, आणि माझा दीर क्लिफ शेजारीच उभा होता. विचारा त्याला.

नोव्हेंबरातला शनिवार. रात्र नव्हे, चांगली दुपार. यॉर्कशायरमधल्या आमच्या गावाच्या चर्चमागचा उतार.

वर भिंत. भिंतीपलीकडे कबरी. उतारावर सगळी सशांची बिळं.

माझा नवरा विल्फ त्या भिंतीपलीकडेच पुरलाय. तेव्हा त्याला जाऊन महिनाही झाला नव्हता.

टिली ही त्याची फेरेट. मुंगसासारखं लांबट, पांढरं, लाल डोळ्यांचं जनावर. तिला बिळात सोडायचं, की ससे घाबरून बाहेर पळतात आणि बिळाच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यात अडकतात. मला तिची पहिल्यापासून किळस. काय तो वास! शी! पण विल्फ जाताना माझा हात धरून म्हणाला होता, "टिलीला मरू देऊ नकोस गं."

आणि ती तर मरायलाच टेकली होती. दूधपाव नुसता हुंगायची, तोंड फिरवायची. विल्फ ससा साफ करताना कलेजी काढून तिला बोटांनी भरवायचा. दुसऱ्या कुणाच्या हातचं तिला चालायचंच नाही.

"वहिनी, एकदा बिळात सोडून बघू," क्लिफ म्हणाला. "सशाचा वास आला की खाईल झक मारत."

सोडली.

आतून सशांची धपधप ऐकू आली... मग काहीच नाही.

मग एक जाळं हललं.

ससा बाहेर आला. पण पळत नाही... आतून कुणीतरी सरकवल्यासारखा.

क्लिफनं उचलला आणि किंचाळून खाली टाकला.

पोट चिरलेलं. आतडी काढलेली, आतून गवतानं पुसलेलं. मागचा एक पाय दुसऱ्यात ओवलेला, काठीला टांगायला ओवतात तसा. अंग अजून गरम होतं.

"कुणीतरी चेष्टा करतंय आपली," क्लिफ म्हणाला. आवाज चिरकला होता त्याचा.

"बिळात बसून? गाढवा, आत कलेजी आहे का बघ."

नव्हती.

आमच्याकडे सगळे ती आतच ठेवतात, घरी कांद्यावर परततात. काढायचा तो एकटा विल्फ.

मी वर भिंतीकडे बघितलं.

तेवढ्यात टिली बाहेर आली. पोट टम्म, मिशा लाल. मी उचलली तर माझी हनुवटी चाटायला लागली.

ती जगली. पण घरी अजूनही काही खात नाही. म्हणून दर शनिवारी नाकाला रुमाल लावून मी तिला तिथं नेते. बाहेर येणाऱ्या सशांना शिवतही नाही.

क्लिफ आता येत नाही. "वहिनी, बास कर," म्हणतो. कसं बास करू? शब्द दिलाय मी.

पण ससे कमी होत गेले. गेल्या शनिवारी एकही आला नाही. आत धपधपसुद्धा नाही...

टिली आली. पोट नेहमीसारखंच टम्म. तोंड ओलं होतं, पण लाल नव्हतं. काळपट होतं. आणि वास... मढ्याचा वास होता तो.

ससे तर संपलेत. मग विल्फनं तिला कुणाची कलेजी भरवली?

उद्या शनिवार आहे. टिली आत्तापासूनच दार खरवडतेय.