दहा हजार एकशे एक्केचाळीस

गोपिकाला एक खोड होती. जीव घाबरला की समोर दिसेल त्या आकड्याला ती भागत सुटायची. चौऱ्याहत्तर सालच्या बी.एस्सी.च्या पहिल्या पेपरला तिनं आपल्याच परीक्षा क्रमांकाला, १०१३९ला, धारेवर धरलं. कशानंच भाग जाईना!

"मूळ संख्या!" ती चक्क मोठ्यानं म्हणाली.

"माझा तर तेरानं जाते," मागून आवाज आला. मधला बाक रिकामा होता. त्यामागे काटोलकडचा शालिकराम बसला होता... १०१४१. सावळा, उंच, आणि डोळे— जाऊ दे, तिनं नीट पाहिलंच नाही.

"नाही जात. एक उरतो. तुमचाही मूळच आहे. दोघांत दोनाचा फरक, म्हणजे जोडमूळ." बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली.

"मंग हा मधातला?"

"दहा हजार एकशे चाळीस? दोन, तीन, पाच, तेरा... जो येईल तो त्याला भागतो."

"म्हणूनच आला नसन बिचारा परीक्षेले!"

शेवटच्या पेपरला शालिकरामनं तिचं लॉगटेबल मागून घेतलं आणि परत द्यायला साफ विसरला.

निकालाच्या सकाळी मात्र नागपुरातल्या बर्डीच्या पेपरवाल्यापाशी तो ते घेऊन उभा होता. खांद्याला पिशवी, चेहरा उतरलेला.

"तुमचा नंबर आहे. माझा नाही. बाबा म्हणले होते, नापास झाला तर संत्र्याचा बगीचाच सांभाळ. दुपारच्या एसटीनं चाललो... कायमचा."

तिनं पेपर ओढून घेतला. १०१३६, १०१३९, १०११४, १०१४५...

"अहो, आकडे चढत जातात ना? एकोणचाळीसनंतर चौदा कसा येईल? आणि १०११४ तर वर आपल्या जागी आहेच! छापणाऱ्यानं तुमचे चार आन् एक उलटे लावले!"

"खरंच?"

"चला विद्यापीठात. आत्ता!"

दोन सायकली सुसाट निघाल्या. फलकावर ठळक होतं, १०१४१. गोपिकाचा जीव भांड्यात पडला आणि डोळे कधी भरले ते तिलाच कळलं नाही. दोघं पायरीवर मटकन बसले, मधे त्याची पिशवी.

"गोपिकाबाई... जोडमूळ कधी शेजारी येतच नाही का?"

"नाही. मधे एक सम संख्या असतेच." त्याचा चेहरा पाहून ती हळूच म्हणाली, "शेजारी बसलेल्या मूळ संख्यांची एकच जोडी आहे. दोन आणि तीन."

त्यानं पिशवी उचलून पलीकडे ठेवली. "मंग मी दोन होतो. तुम्ही तीन व्हा."

"मीच मोठी काहून?"

"मले तेराचा भाग जमत नाही न..."

ती हसली, आणि वीतभर सरकली. "एसटी चुकेल तुमची."

"जातो न. बाबाले दोन गोष्टी सांगाच्या आहेत. एक, पास झालो. आन् दुसरी—"

"दुसरी आधी सांगजा," गोपिका म्हणाली.