काळ्या पात्याची दोन वयं

"माझं पातं कुणीतरी बदललंय," खुर्चीत टेकायच्या आधीच प्राध्यापक म्हणाले. "भर परिषदेत माझी नाचक्की झाली."

वहिनींनी पातं दिव्याखाली धरलं. वहिनी खासगी गुप्तहेर. त्यांचे दीर, म्हणजे भावोजी, सोबतीला असत.

ज्वालामुखीच्या काचेचं ते वीतभर काळं पातं प्रयोगशाळेनं सहा हजार वर्षांचं ठरवलं होतं. ही काच दूरच्या डोंगरातली, म्हणून तेव्हाही इथवर व्यापार चालायचा, असं प्राध्यापकांनी जाहीर केलं. विरोधकांनी दुसरीकडे फेरतपासणी करून घेतली. पातं अगदी ताजं निघालं.

"कुलूप शाबूत, किल्ली माझ्याकडेच. पण एका उत्खननकाराला सापडलेली अशीच काचेची हत्यारं मी पूर्वी बनावट ठरवली होती. तो खचून गेला. त्याच्याच माणसांचं काम असणार."

भावोजींना पात्याची पाठ मळकट दिसली, धार लखलखीत. तपासणीसाठी कापलेल्या खाचा दोन होत्या: एक पाठीला, एक धारेला.

प्राध्यापकांना पातं विकणारा दुकानदार म्हणाला, "एका बाईंनी आणून दिलं. भाव विचारला नाही. सरांनाच दाखवा म्हणाल्या."

"दुकानदारच लबाड दिसतोय," भावोजी बाहेर येताच म्हणाले.

पहिल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई शांतपणे बोलल्या. "काच फुटली की नव्या पृष्ठभागात पाणी मुरायला लागतं. मुरलेला थर जाड, तर फुटणं जुनं."

"तुकडा कुठून कापायचा, हे कोण ठरवतं?" वहिनींनी विचारलं.

"मीच."

"हे शिकलात कुठे?"

"बाबांकडे. आयुष्यभर उत्खननं केली त्यांनी. शेवटची वर्षं सोडून."

संध्याकाळी वहिनींनी सगळ्यांना तिथंच बसवलं.

"पातं बदललेलंच नाही. पहिल्या तपासणीची खाच अजून याच पात्यावर आहे. एका प्राचीन तुकड्याची पाठ तशीच ठेवून कुणीतरी नवी धार काढली. पाठीचा तुकडा तपासला तर सहा हजार वर्षं, धारेचा तपासला तर काल. तुकडा पाठीचाच घ्यायचा, हे बाईंनी ठरवलं. दुकानात पातं नेणाऱ्या बाईही ह्याच."

दुकानदारानं मान डोलावली.

"तू त्याची मुलगी?" प्राध्यापक पुटपुटले.

"बाबांची हत्यारं तुम्ही तपासूही दिली नाहीत. नुसती बघून बनावट म्हणालात. मी तपासली. अस्सल आहेत."

"पण आता तुमची तपासणी कोण खरी मानेल?" वहिनींनी विचारलं. "वडिलांचा पुरावा तुम्हीच मातीत घातलात."

भावोजींना वाटलं, बाई आता रडतील.

"ठाऊक होतं मला," त्या म्हणाल्या. "बाबा गेले. त्यांना आता कुणी काही म्हटलं तरी ऐकू येणार नाही. सरांना येतं."