चाकावरचा अंगठा

अण्णांच्या दुरुस्तीच्या खोलीत वारा जावा म्हणून मी दार तेवढं उघडायची. ते गेल्यापासून उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं.

"तानाबाईची शिलाई मशीन इथंच हाये ना?"

रस्त्यावर एक उंच, सावळा तरुण उभा होता. शहरी बूट, त्यांवर शेजारच्या नाचणगावची काळी माती. तानाबाईंचा मुलगा श्रावण, सुट्टीवर आलेला.

"आहे. पण अण्णा... माझे वडील गेले."

"ऐकलं, बाई." तो घुटमळला. "मायचं पोट त्याच मशीनवर हाये. दिवाळीचे कपडे अडून राह्यले. नाईतर आलोच नसतो."

मशीन समोरच टेबलावर होती. अर्धी खोललेली, स्क्रू वाटीत; बिघाड अण्णांनी काढला होता, जोडायचं राहिलं होतं. काळ्या चाकावर तेलकट ठसा – अण्णांच्या अंगठ्याचा. त्यावर धूळ बसली होती. शाळेत शिकवून आले की मी दारातून तो बघत बसायची. घरात तेवढंच कुणीतरी होतं.

"मला आत जाता येत नाही," मी म्हणाले. "आणि दुसरं कुणी गेलेलं... सोसत नाही."

तो हसला नाही. बूट काढून ओट्यावर बसला.

"मी मुंबईकडं असतो. अणुभट्टी जुनी होऊन बंद पडली, का ती उतरवाची कशी, ते शिकून राह्यलो. आत किरणोत्सर्ग, माणूस जाऊ शकत नाई. आपण जाड काचेमागं उभं राहाचं. इकडं मूठ आवळली, का तिकडं यंत्राचा हात नळी पकडते."

"आणि आतली धग?"

"तिच्यासाठी थांबतात. वर्षानुवर्षं. ती कमी झाली का मग थोडं थोडं, दुरून."

"तानाबाई थांबतील वर्षानुवर्षं?"

"माय? सांजेपर्यंत बी नाई!"

मला हसू आलं. रिकाम्या घरात ते मलाच परकं वाटलं.

"असं करू," तो म्हणाला. "काचेच्या इकडं तुमी. आत मी. तुमी म्हणाल तेवढंच हलवीन. घरात चिमटा हाये?"

मी पोळ्यांचा चिमटा आणून दिला, आणि श्रावण खरोखरच आत गेला. लहानपणापासून अण्णांचं काम याच दारातून पाहिलेलं. कुठला स्क्रू कुठे, मला पाठ होतं.

"डावीकडचा. तो नव्हे – बारका."

"हा?"

"हो. हळू... किती हात थरथरतो तुमचा!"

"तिकडं नाई थरथरत. तिकडं काचेमागून कोणी असं पाहत नाई."

मी नजर वळवली. कानशिलं तापली होती.

एकेक भाग जागेवर बसला. शेवटी चाक फिरवून पाहायचं राहिलं. श्रावणचा हात चाकाजवळ जाऊन थांबला. त्यालाही ठसा दिसला होता.

"हे मी नाई करत," तो हळूच म्हणाला. "मशीन खालून धरून नेतो. पण माय पहिला टाका घालन, तवा हा ठसा पुसून जाईन."

मी दाराची चौकट घट्ट धरली.

"यंत्राच्या हातातून वजन कळते, बाई. ऊब नाई कळत. काही कामं दुरून होतच नाई."

गावच्या कापड मिलचा भोंगा वाजून विरला. श्रावण बाजूला सरकला, वाट मोकळी करून... आणि मी उंबरठा ओलांडला.

फरशी गार होती. अण्णांच्या अंगठ्यावर मी माझा अंगठा ठेवला. चाक फिरवलं. सुई खाली गेली, वर आली. अंगठा उचलला तेव्हा चाकावर ठसा नव्हता. तेल माझ्या बोटाला होतं.

मी रडले. तो जवळच उभा राहिला, हात मागे बांधून. बऱ्याच वेळाने त्याने खिशातला रुमाल पुढे केला – चिमट्यात धरून.

"काही कामं दुरून होत नाहीत ना?" मी ओल्या डोळ्यांनी विचारलं.

त्याने चिमटा खाली ठेवला. रुमाल माझ्या हातात दिला तेव्हा त्याची बोटं निमिषभर रेंगाळली. गरम होती.

मशीन खांद्यावर घेऊन तो निघाला. उद्याची गाडी होती त्याची. पायरीवर थबकला.

"पुढच्या सुट्टीत... येऊ?"

"मशीन बिघडली तर या."

"अन् नाई बिघडली तं?"

"तर लवकर या."

तो वळणाआड गेला. घर पुन्हा रिकामं झालं. मी अण्णांच्या खोलीत गेले, टेबलावरची धूळ पुसली आणि त्यांच्या खुर्चीवर, दाराकडे तोंड करून बसले.