क्रमांक अठ्ठ्याऐंशीची पोकळी

मिरजेच्या स्वरकोश प्रयोगशाळेतल्या, तारेची गुंज मोजणाऱ्या जवारीमापकाने शाकेरा शिकलगारच्या तंबोऱ्याला शंभरपैकी एकाहत्तर दिले. नव्वदच्या खाली 'दस्तगीर घराणे' हा शिक्का मिळत नसे. शिक्का नाही म्हणजे तिच्या अब्बांच्या, उस्ताद दस्तगीरांच्या, कारखान्यावरून त्यांचं नाव उतरवायचं.

"क्रमांक अठ्ठ्याऐंशीच्या जवळपाससुद्धा जात नाही हो," संचालक डॉ. हुद्दार हळहळले. तीस वर्षांपूर्वी उस्तादांच्या कारखान्यात ध्वनिमुद्रित केलेल्या दोनशे बारा तंबोऱ्यांत अठ्ठ्याऐंशी हा सर्वोत्तम. मापक त्यावरच शिकलेला. "आणि उस्तादांचं ते मौन! प्रत्येक ध्वनिमुद्रणात तार विझल्यावर अर्धं मिनिट निःशब्द. माझा प्रबंधच आहे त्यावर."

प्रबंध वाचून आता सगळ्या गावातले कारागीर तार छेडली की अर्धं मिनिट डोळे मिटून बसत. दोघे-तिघे तर चक्क पेंगत.

"अब्बा आणि मौन?" शाकेरा म्हणाली. "दाढी करताना न्हाव्याला बोलू देत नसत ते. डॉक्टर, आमच्यात तारांखालची घोडी घासून जवारी लागली की तार छेडून हात कुणाचा, म्हणजे काम कुणाचं, ते मोठ्यानं सांगतात. मौन कसलं पाळताय?"

संगणकातला माहितीसाठा सांभाळणाऱ्या संचयतज्ज्ञ वैजयंता पाटोळेने मान वर केली. तिने क्रमांक अठ्ठ्याऐंशी उघडला आणि शेवटचा भाग पडद्यावर ताणला.

"सर, शांत खोलीतसुद्धा पंख्याची घरघर उमटते. इथे निव्वळ शून्यं आहेत. ही शांतता नाही, पोकळी आहे."

"म्हणजे?"

"आपल्या फाइली विरळ असतात. जिथे काहीच नाही तिथे जागा अडवायची नाही, नुसती 'इथून इथवर रिकामं' अशी नोंद ठेवायची. नक्कल करणारा प्रोग्रॅम संचयव्यवस्थेला विचारतो, पोकळ्या कुठे आहेत? तेवढा भाग तो वाचतच नाही."

"बरं मग?"

"ध्वनिमुद्रण थांबताक्षणी नक्कल सुरू व्हायची; आपण ऐकतो ती तीच. शेवटचं अर्धं मिनिट तेव्हा यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत होतं, चकतीवर, म्हणजे डिस्कवर, उतरायचं होतं. व्यवस्थेने नुसती चकतीची नोंदवही पाहिली आणि सांगितलं, रिकामं आहे."

"पण नकला तपासल्या होत्या! माझी सही आहे."

"लांबी तपासली होती, सर. पोकळी लांबीत मोजली जाते."



"मग ते बोलणं गेलं?" शाकेराचा आवाज बारीक झाला. अब्बांना जाऊन बावीस वर्षं झाली होती.

"मूळ चकती तळघरात असेल तर नाही गेलं, आपा. थोड्याच वेळाने सगळं तिच्यावर उतरलं असणार. आज विचारलं तर व्यवस्था खरं सांगेल."

चकती सापडली. तार घुमली, विरत गेली, आणि मग खाकरल्याचा आवाज आला. अब्बांचाच.

"घोडी सांबरशिंगाची. हात शाकेराचा, वय एकोणीस. माझ्यापेक्षा बरा आहे. हे तिला सांगू नका रे, डोक्यावर बसेल."

हसावं की रडावं ते तिला कळेना. दोन्ही थोडं थोडं झालं.

"म्हणजे यांचा आजचा तंबोरा यांच्याच जुन्या तंबोऱ्याशी जुळत नाही?" हुद्दार पुटपुटले.

वैजयंताने दोनशे बारा ध्वनिमुद्रणांचे शेवट ऐकून उस्तादांचा स्वतःचा हात असलेले एकतीस वेगळे काढले. मापकाला त्यांवर नव्याने शिकवलं आणि शाकेराचा आजचा तंबोरा पुन्हा छेडला.

सत्त्याण्णव.

"अभिनंदन! हुबेहूब उस्ताद!" हुद्दारांनी शिक्का उचलला.

शाकेराने तंबोरा शिक्क्याखालून ओढून घेतला. अब्बा गेल्यावर गिऱ्हाइकं म्हणत, "उस्तादांसारखं कर," आणि तिने कानशीचा एकेक फटका अब्बांना आठवून मारला होता. त्यांचा हात साधला होता खरा, स्वतःचा मात्र सुटला होता.

"अठ्ठ्याऐंशी पुन्हा लाव गं," ती म्हणाली. "अब्बांचं बोलणं नको. नुसती तार."

तार घुमू लागली. शाकेराने पिशवीतून कानस काढली आणि घोडी नव्याने घासण्यासाठी आपल्या तंबोऱ्याच्या खुंट्या सैल करायला घेतल्या.