डोह दोन महिने बंद

"अहो… अहो, जरा थांबा ना! एक फोटो काढता का?"

नदीकाठच्या पायवाटेनं चाललेला चष्मेवाला थांबला. गुडघाभर पाण्यात एक मुलगी उभी होती. केस कपाळाला चिकटलेले, बुटांत पाणी शिरलेलं, आणि दोन्ही हातांत टॉवेलमध्ये धरलेला भलामोठा मासा. पाऊस भुरभुरत होता, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. एवढा मासा तिच्या गळाला जन्मात लागला नव्हता.

"फोन त्या दगडावर आहे. पटकन काढा, मला त्याला परत सोडायचंय."

त्यानं फोन उचलला. फोटो मात्र काढला नाही.

"आधी तो टॉवेल टाका," तो म्हणाला. "आणि हात ओले करा. कोरड्या फडक्यानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. आत्ता झोकात पळेल, पण पुढे जगेलच असं नाही."

"मला शिकवताय?" ती भडकली. "अहो, मी धड चालायला लागायच्या आधी गळ टाकायला लागले!"

"मग एवढ्या वर्षांत कुणीतरी सांगायला हवं होतं…" तो इतक्या शांतपणे म्हणाला, की तिचा पारा आणखीच चढला. काहीतरी सणसणीत बोलायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात माशानं फटका मारला आणि निसटला. आणि या शहाण्यानं नेमकं तेव्हाच बटण दाबलं! फोटोत आलं काय, तर एक शेपटी आणि हिचा वासलेला जबडा.

"छान आलाय," तो म्हणाला. गालातल्या गालात हसतसुद्धा होता, मेला!

आता ही मुलगी कोण, ते सांगायला हवं. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर अण्णांचं गळाचं दुकान. काठ्या, रिळं, दोरे आणि काउंटरवर 'अण्णांची गोळी' नावाच्या आमिषाच्या बरण्या. ही अण्णांची एकुलती एक लेक. अण्णा गळवाल्यांच्या क्लबाचे अध्यक्ष, आणि ही सेक्रेटरी. कारण सभेत चहा प्यायला सगळे, पण काम करायला कुणी नाही. सगळे तिला सेक्रेटरीबाईच म्हणत.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला दुकानात हजर. मासे वाचवणाऱ्या संस्थेचा माणूस निघाला तो! त्या संस्थेचं नाव काढलं की अण्णांना ठसका लागायचा. नशीब, अण्णा तेव्हा जेवायला घरी गेले होते.

"तुम्ही लोक आमच्या डोहाला कुंपण घालायला निघालात ना?" तिनं कंबरेवर हात ठेवले.

"आमच्या अध्यक्षबाई निघाल्यात. मी फक्त मासे मोजतो."

"आणि ते कमी भरतात."

"दरवर्षी कमी. तुम्हालाही ते माहीत आहे…" तो तिच्याकडे बघून म्हणाला. तिनं नजर चुकवली आणि उगाचच रिळांची मांडामांड सुरू केली. माहीत होतं तिला. गळवाला कितीही बढाया मारो, दिवसभरात गळाला एकही मासा न लागणं काही लपत नाही.

भांडण जुनं होतं. क्लब म्हणायचा, नदी आमची, एक वीतभर जागा सोडणार नाही. संस्था म्हणायची, गळ कायमचे बंद करा. शेवटी पाणी खात्याचे साहेब दोघांनाही कंटाळले. महिनाअखेरीपर्यंत दोघांनी मिळून एक ठराव आणा, म्हणाले, नाहीतर मीच कुंपण घालतो आणि सगळ्यांनाच घरी बसवतो. म्हणजे क्लब संपला, दुकान संपलं. आणि नदीशिवाय अण्णा… छे! तो विचारसुद्धा तिला सहन व्हायचा नाही. काहीही झालं तरी कुंपण पडू द्यायचं नाही, तिनं मनाशी पक्कं केलं.

म्हणून अण्णा जेवायला गेले, की ती त्याला रोज दुकानात येऊ द्यायची. शत्रूची माहिती काढायला, दुसरं काय! माहिती काढताना ओठांना हलकंसं काहीतरी लावावं लागतं, केस दोनदा विंचरावे लागतात, आणि पाऊस आला की दाराकडे सारखं बघावं लागतं, हे आता कुणाला सांगायचं?

"आज उशीर झाला तुम्हाला," ती म्हणायची.

"वाट बघत होतात?"

"तोंड बघा आरशात!"

तो खरंच काउंटरमागच्या आरशात बघायचा, चष्मा पुसायचा आणि म्हणायचा, "बघितलं… इतकं काही वाईट नाहीये." मग दोघंही हसायची.

त्याच महिन्यात क्लबाची स्पर्धा झाली. नेहमीप्रमाणे याच दिवसांत, कारण याच दिवसांत डोहातले मोठाले मासे काठाशी येतात. का येतात? प्रत्येक गळवाल्याचं उत्तर एकच – माझ्या आमिषामुळे! अण्णा तर छातीठोकपणे सांगायचे, "माझ्या गोळीचा वास सुटला, की डोहाच्या तळातला मासासुद्धा जागा होतो."

यंदाही कप अण्णांनाच मिळाला. दिवसभर जाळीच्या पिशवीत ठेवलेला मासा वजन करून त्यांनी सगळ्यांना दाखवला. पाठीचा पर फाटलेली भली दांडगी मादी होती. मग त्यांनी तिला पाण्यात सोडलं, तशा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मारत नाही आम्ही, परत सोडतो! क्लबाला याचा केवढा अभिमान.

दोन दिवसांनी सकाळीच चष्मेवाला दुकानात आला. हसला नाही. चष्मासुद्धा पुसला नाही.

"माझ्याबरोबर डोहाखालच्या बंधाऱ्यापर्यंत येता? नाही आलात तरी चालेल. पण मी दाखवलं नाही, असं नंतर म्हणू नका."

बंधाऱ्याच्या लोखंडी जाळीला मासे येऊन अडकले होते. मेलेले. सगळे मोठे, सगळ्या माद्या, पोटं अंड्यांनी फुगलेली.

"अंडी घालायलाच त्या काठाशी येतात," तो हळूच म्हणाला. "गोळीबिळी काही नाही. आणि नेमकं तेव्हाच त्यांना दिवसभर पिशवीत कोंडायचं, वजनाला टांगायचं, हातोहात फिरवायचं…"

ती ऐकत नव्हती. तिची नजर एकाच माशावर खिळली होती. पाठीचा पर फाटलेला. ती तिथेच, ओल्या दगडावर, मटकन खाली बसली. तो नुसता शेजारी बसला, खांद्याला खांदा लागेल न लागेल इतक्या अंतरावर.

"अण्णांना हे कळलं तर ते मोडून पडतील," ती म्हणाली.

"मग नका सांगू. आमच्याकडून मीच सांगतो सभेत."

"मुळीच नाही!" तिनं डोळे पुसले. "तुमच्याकडून ऐकलं तर खोटं म्हणतील. मीच सांगणार."

सभेला क्लबाची खोली गच्च भरली होती. भिंतीवर अण्णांचे कप, समोर घडीच्या खुर्च्या. पाहुण्या म्हणून संस्थेच्या अध्यक्षबाई, आणि त्यांच्या मागे चष्मेवाला.

"आज डोह मागतायत, उद्या म्हणतील नदीकडे बघूसुद्धा नका!" क्लबातले एक दातांचे डॉक्टर कडाडले.

"बघा की, खुशाल बघा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "गळ न घेता."

"आणि कारखान्याचं काळं पाणी नदीत येत होतं, ते कुणी पकडलं? तुमच्या ऑफिसातल्या खुर्च्यांनी? आम्ही काठावर बसलो होतो म्हणून कळलं!"

सेक्रेटरीबाई उभी राहिली. बंधाऱ्यावर काय पाहिलं, ते तिनं सांगितलं. मग ठराव मांडला – अंड्यांच्या दिवसांत डोह दोन महिने बंद. स्पर्धा त्यानंतर. वजन नाही, पिशवी नाही. मापायचं ते पाण्यातच. आणि त्या दोन महिन्यांत पहारा गळवाल्यांनीच द्यायचा, कारण हा काठ त्यांच्याइतका कुणाला ठाऊक नाही.

एकच गलका उठला. "घरभेदी!" असंही कुणीतरी ओरडलं. अध्यक्षबाईंनी तर कायमच्या बंदीशिवाय बोलणंच नको म्हणून मान फिरवली. तेव्हा चष्मेवाला उठला.

"बाई, माफ करा, पण हे लोक काठावरून गेले तर नदीकडे बघणारं कुणी उरणार नाही. माझी मोजणी या ठरावाच्या बाजूनं आहे. आणि मीसुद्धा."

अध्यक्षबाईंनी त्याच्याकडे असं काही बघितलं की बस! मग म्हणाल्या, "क्लबानं पास केला, तर आम्ही सही करू. पण आधी करू तर देत!"

हात वर झाले. मोजले. दोन्हीकडे सारखेच भरले. आता निकाल अध्यक्षांच्या हातात, म्हणजे अण्णांच्या.

अण्णांनी भिंतीवरच्या कपांकडे एकदा बघितलं. मग लेकीला विचारलं, "तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस?"

"हो, अण्णा."

"माझीही होती त्यात?"

एक 'नाही' म्हटलं असतं तर अण्णांच्या जिवाला दिलासा मिळाला असता.

"होती, अण्णा."

अण्णांनी मान हलवली. "पळाली होती गं चांगली…" एवढंच पुटपुटले. आणि मग हात वर केला. ठरावाच्या बाजूनं.

ती तडक जिना उतरून खाली रस्त्यावर आली आणि ओक्साबोक्शी रडली. बारीक पाऊस होता. मागून तो आला, छत्री उघडता उघडता अडखळला आणि अर्धवट उघडलेली छत्री तिच्याच डोक्यावर धरली.

"जिंकलात तुम्ही," तो म्हणाला.

"गप्प बसा. आणि ऐका." तिनं नाक पुसलं. "मला तुम्ही आवडता. खूप आवडता. आज अण्णांना एवढं खरं सांगून बसलेय, आता हे पोटात ठेवणं काही मला जमायचं नाही."

त्याचे कान लालबुंद झाले. "मी… म्हणजे मी तर… बदलीच मागितली होती इथून."

"काय?"

"तुमच्याशी भांडायचं जिवावर यायचं… आणि न भांडता राहवायचंही नाही. दुसऱ्या नदीवर पाठवा म्हटलं. उद्या सांगतो, रद्द करा म्हणून."

"उद्या कशाला? आत्ता लावा फोन. माझ्यासमोर!"

तो खिसे चाचपायला लागला. तेवढ्यात अण्णा जिन्यावरून खाली आले. दोघांकडे, मग त्या तिरक्या छत्रीकडे त्यांनी एकदा बघितलं. लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"उद्यापासून पहारा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पहिली पाळी माझी. दुसरीला माणूस हवाय." मग चष्मेवाल्याकडे वळून, "तुम्ही आहात ना इथे? की पळताय?"

"आहे, अण्णा," तो म्हणाला. "इथेच आहे."

"बरं, मग फोन करून लवकर या घरी. हिच्या आईनं स्वयंपाक करून ठेवलाय," अण्णा म्हणाले आणि पावसातच चालू लागले.