मेणाची साक्ष

दारात उभी राहिलेली बाई रडत नव्हती, म्हणूनच ताईंनी तिला आधी पाणी दिलं. अडलेली माणसं ताईंकडे यायचीच.

ती मुलींच्या शाळेतल्या प्रयोगशाळेची मदतनीस. काल कपाट पुसताना तिच्या हातून प्रयोगाचा चांदीचा गोळा पडला, त्याला पोचा आला आणि चकचकीत सालीखाली करडं शिसं दिसलं. ती तशीच गोळा घेऊन मोठ्या बाईंकडे गेली.

"त्या म्हणाल्या, प्रयोगशाळेची किल्ली तुझ्याकडे, म्हणजे चोरही तूच. आज चारपर्यंत खरा गोळा आण, नाहीतर पोलीस. किल्ली काढून घेतली हो! माझ्याआधी सासूबाईंनी तीस वर्षं सांभाळलेली. आता त्या अंथरुणावर आहेत. रोज संध्याकाळी ती उशाशी ठेवली की मगच त्यांचा डोळा लागतो. काल खोटं सांगितलं, विसरले म्हणून. आज काय सांगू?"

"तू कधीपासून आहेस तिथे?"

"दोन वर्षं झाली."

ताईंचे धाकटे भाऊ आप्पा खाकरले. "ताई, प्रकरण सरळ आहे. ज्याच्याकडे किल्ली..."

"चोर आपणहून पोचा दाखवायला जातो का रे?"

आप्पा चष्मा पुसू लागले. वादात हरले की ते चष्मा पुसत.

शाळेत मोठ्या बाई म्हणाल्या, "दरवर्षी मी स्वतः गोळ्यांची वजनं तपासते. कधी गुंजभर फरक नाही. प्रयोग मात्र मास्तर दाखवतात. त्या मेणाच्या वासाने मला शिंका येतात, मी तिकडे फिरकत नाही."

विज्ञानाचे मास्तर मोठे उत्साही. त्यांनी टेबलावर लोखंड, तांबं आणि शिशाचे गोळे मांडले, शेजारी तो पोचा आलेला.

"चारही गोळ्यांचं वजन एकच. उकळत्या पाण्यात तापवायचे आणि मेणाच्या जाड वडीवर ठेवायचे. लोखंड सगळ्यांत खोल रुततं, मग तांबं, मग चांदी. शिसं बिचारं वरच्यावर."

"वजन सारखं, ताप सारखा, मग असं का?" आप्पांनी विचारलं.

"पोटात उष्णता साठवायची ताकद ज्याची त्याची, आप्पासाहेब!"

"गेल्या वर्षीही असंच झालं?" ताईंनी विचारलं.

"अगदी. चांदीचा खड्डा शिशाच्या जवळजवळ दुप्पट. मी पट्टीने मोजला."

"आणि वडी?"

"वितळवून टाकायला सांगतो. मेण पुन्हा कामाला येतं."

बाहेर आल्यावर मदतनीस ओशाळून पुटपुटली, "सर सांगतात खरं. पण मुलींनी खड्ड्यांशेजारी धातूंची नावं आणि साल कोरलेलं असतं. सासूबाईंना ते मोडवत नसे, मलाही नाही. सगळ्या वड्या प्रयोगशाळेच्या माळ्यावर आहेत."

ताई थांबल्या. मग हसल्या. "आप्पा, शिडी आण."

चार वाजता मोठ्या बाईंच्या टेबलावर गेल्या आठ वर्षांच्या आठ वड्या होत्या. ताईंनी पिशवीतली विणायची सुई काढली.

"ही आठ वर्षांपूर्वीची. चांदीच्या खड्ड्यात सुई बघा कुठवर जाते, आणि शिशाच्या. तिथे जेमतेम निम्मी. पुढच्या दोन वर्षीही तसंच. आता ही पाच वर्षांपूर्वीची. चांदी आणि शिसं, दोन्ही खड्डे सारखेच उथळ! तेव्हापासून दरवर्षी तेच. ही पोरगी तर दोन वर्षांपूर्वी आली."

"मग हिची सासू!" मोठ्या बाई उठल्याच. मदतनिसीचा चेहरा उतरला.

"बसा, बाई. पाच वर्षांपूर्वी खड्डा उथळ दिसल्यावर बोंब कुणी ठोकायला हवी होती? दरवर्षी पट्टी लावणाऱ्याने. मास्तर, गेल्या वर्षीची वडी ही. दाखवा, दुप्पट कुठे मोजलंत?"

मास्तर वडीकडे बघत राहिले. "मुलींच्या वह्यांत आहे ना... सगळ्यांनी तसंच लिहिलंय."

"मुली फळ्यावरचं उतरवतात, मेणावरचं नाही. हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. वजन जुळवलंत, चकाकी जुळवलीत. पण शिशाच्या पोटात चांदीची ताकद कुठून भरणार? म्हणून तर वड्या वितळवायची घाई!"

मास्तर हळूच खुर्चीवर टेकले.

"गोळा बदलला, त्या पहिल्या वर्षी फळ्यावर जुनाच आकडा लिहिला," ते म्हणाले. "वाटलं, चाळीस मुली आहेत, एखादी तरी विचारेल. कुणी विचारलंच नाही."

मोठ्या बाईंनी खणातून किल्ली काढली आणि न बघताच मदतनिसीपुढे धरली.

"आज लवकर जा घरी."

तिने किल्ली मुठीत घेतली, पण दारातून परत फिरली आणि आठही वड्या एकेक करून उचलू लागली.

"राहू दे गं, उद्या ठेव," आप्पा म्हणाले.

"नको. माळ्यावर ठेवून प्रयोगशाळेला कुलूप लावते, मगच जाते. सासूबाई पहिलं तेच विचारतील."